विनाकारण खाल्लेला मार

महाभारताच्या शेवटी एक कुत्रा आहे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो, इंद्र म्हणतो कुत्र्याला मागे ठेव, आणि धर्मराज म्हणतो, मग तुझा स्वर्ग तुलाच लखलाभ. कीर्तनकारांनी ही गोष्ट पुष्कळ घोळवली आहे. परंतु महाभारताच्या आरंभीही एक कुत्रा आहे. त्याची विचारपूस मात्र कोणी करत नाही. आदिपर्व उघडून पाहा. जनमेजय राजाचे कुरुक्षेत्रावर सत्र चालले आहे. देवांची कुत्री सरमा, तिचे पिल्लू हुंगत हुंगत तिथे येते. राजाचे तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन (हा पांडवांचा भीम नव्हे), त्याला बडवून काढतात. पिल्लू केकाटत आईकडे जाते. आई पुण्यातल्या कोणत्याही आईसारखीच आधी त्यालाच फैलावर घेते, की तूच काही आगळीक केली असशील. पिल्लू म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग चाटण्याची गोष्टच दूर. मग सरमा थेट यज्ञात जाऊन राजाला जाब विचारते. कोणी तोंड उघडत नाही. तेव्हा ती शाप देते की ज्याचा अपराध नव्हता त्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

दर आठवड्याच्या पाऊण पानात मी तुम्हांला दूधवाला, रिक्षावाला आणि लग्नाच्या पंगती यांच्या हकिगती सांगत असतो. दिवाळीला संपादक जागा सढळ हाताने देतात, म्हणून यंदा जरा लांबणीची हकिगत सांगतो. सरमेचा शाप राजाला कितपत बाधला ते व्यासांना माहीत. पण मार खाल्लेल्या पिल्लाला तो हमखास लागतो, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. ते न दिसणारे भय गेल्या सव्वा वर्षापासून आमच्या कोथरूडच्या दोन खोल्यांत चार पायांवर वावरते आहे. त्याचे नाव ठकी.

ठकी गावठी आहे. रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा, पोट पांढरे. डाव्या कानाला खाच आहे, पण ती माराची नव्हे. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला अशी खूण करतात, म्हणजे त्या जिवाला पुन्हा धरून शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवायला नको. गळ्याभोवती मात्र बोटभर रुंदीचा बिनकेसांचा गुळगुळीत पट्टा आहे. लहानपणी कोणी तरी सुतळी बांधली आणि ती सैल करायचे त्याला सुचले नाही. पिल्लू वाढले, सुतळी वाढली नाही. ती मांसात रुतत गेली. शिवाय क्ष-किरणांच्या चित्रात दोन बरगड्या मोडून आपोआप जुळलेल्या दिसतात. पुण्यात अशा जनावरांसाठी झटणाऱ्या संस्था आहेत. २००७ साली स्थापन झालेली रेस्क्यू ही त्यांतली बरीच जाणती. ठकी आली ती मात्र एका लहानशा आश्रयस्थानातून. तिथल्या बाईंनी ती सुतळी कापून काढली होती आणि जखम भरायला दोन महिने घेतले होते.

हे कोणी केले ते कधीच कळणार नाही. कळले असते तरी काय झाले असते, तेही सांगतो. जनावरांना छळण्याविरुद्ध आपल्याकडे १९६० साली कायदा झाला. त्यामागे नृत्यासाठी विख्यात असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची राज्यसभेतली खटपट होती. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली पन्नास रुपये म्हणजे कारकुनाचा खिसा हलका करणारी रक्कम होती. आज तेवढ्यात कोथिंबिरीच्या चांगल्या दोन जुड्या येतील की नाही, याची शंका आहे. जनावर ठार मारले किंवा कायमचे अपंग केले तर मात्र २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण सुतळी आणि दोन बरगड्या या पन्नास रुपयांतच बसायच्या.

मुलांनी तिच्यासाठी इंग्रजी नावांची यादीच केली होती. आईने एकदा चष्म्यातून पाहिले आणि म्हणाली, "ही तर लाकडाची ठकी आहे रे. ठेवाल तिथे बसतेय." कुत्रे घरात आणण्याला आईचा पहिल्यापासून कडवा विरोध होता. तिच्या देवघरापासून ठकीच्या दिवाणापर्यंतचे अंतर तिने माझ्याकडून टेपने मोजून घेतले होते. पण नाव तिचेच टिकले.

आणि ठकी खरोखर लाकडाची होती. पहिले नऊ दिवस दिवाणाखालून बाहेर आली नाही. बाहेर काढलीच तर चारही पाय पसरून जमिनीला अशी चिकटे की जणू ओले थालीपीठ. २००७ साली अमेरिकेत एका नामांकित फुटबॉलपटूच्या वाड्यावरून, झुंजी लावण्यासाठी ठेवलेली पन्नासच्या आसपास कुत्री सोडवण्यात आली. त्यांतली कित्येक अशीच जमिनीला चिकटत, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनी त्यांना तिकडच्या धिरड्याचे नाव दिले होते, हे नंतर वाचले तेव्हा गंमत वाटली. भीतीचा आकार जगभर सारखाच दिसतो. त्या कुत्र्यांना मारून टाकावे असे बड्या बड्या जाणकारांचे मत होते. पुढे त्यांतली बरीचशी लोकांच्या घरांत, मुलाबाळांत राहिली.

ठकीचा पूर्वेतिहास आम्हांला कोणी लिहून दिला नव्हता, तो आम्ही तिच्या भीतीवरून वाचत गेलो. छत्री उघडली की ती थरथरे. वर्तमानपत्राची सुरळी केली की डोळे मिटून घेई. पंखा लावायला बटणाकडे हात उचलला तर मान खाली. बायकांचे हात तिला चालत, पुरुषांचे नाही. आणि संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी कमरेचा पट्टा सोडायला लागलो, की बकलाचा तो बारीक खणखणाट ऐकून ती बसल्या जागी मुतत असे. न ओरडता, न हलता. एखाद्या घरातल्या एखाद्या खोलीत काय घडले असेल, ते एवढ्यावरून समजत होते. दुसऱ्या आठवड्यापासून मी स्कूटर लावतो तिथेच पट्टा काढून पिशवीत घालू लागलो. सोसायटीत त्याबद्दल काय समज पसरला ते मी चौकशी करून घेतले नाही.

आश्रयस्थानातल्या बाईंनी निघताना दिलेल्या सूचना ऐकून आमची मुले हिरमुसली होती. तिच्याकडे टक लावून पाहू नका. अंगावर वाकू नका. डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका, कारण वरून येणारा हात तिला एकाच कामासाठी ठाऊक आहे. बसायचे तर पाठ अर्धी तिच्याकडे करून जमिनीवर बसा. जेवण रोज त्याच वेळी, त्याच जागी ठेवा आणि निघून जा. आणि काहीही झाले तरी दिवाणाखालून ओढून काढू नका. तेवढी एक जागा तिची, तिच्या मालकीची राहू द्या. "लाड नंतर," बाई म्हणाल्या. "आधी तिला उद्या काय होणार ते कळू द्या."

हे शेवटचे वाक्य मला तेव्हा नीटसे उमगले नव्हते. ते ज्यामुळे उमगले तो प्रयोग १९६७ सालचा, अमेरिकेतला. सेलिगमन आणि मायर या दोघांनी काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले. वाचताना चीड येते, पण निष्कर्ष विचार करण्यासारखा आहे. काहींना डोक्याने एक पट्टी दाबून धक्का थांबवता येत होता. दुसऱ्यांना तितकेच धक्के बसत, पण थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. नंतर सगळ्यांना अशा जागी ठेवले की एक बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिली कुत्री उडी मारून गेली. दुसऱ्यांतली बहुतेक तिथेच पडून राहिली, कण्हत. वेदना दोघांना सारखीच मिळाली होती. मोडली ती, ज्यांच्या करण्या-न करण्याने काही फरक पडत नव्हता ती. पिल्लाने हवीला तोंड लावून मार खाल्ला असता तर ते हवीपासून दूर राहायला शिकले असते. विनाकारण मार खाल्लेल्याने कशापासून दूर राहावे? सगळ्यापासूनच.

श्रावणात प्रकरण हातघाईवर आले. माझा भाचा आला होता, वय वर्षे नऊ. सगळे पुरण वाटण्यात गुंतलेले पाहून तो दिवाणाखाली शिरला आणि ठकीचा पाय धरून ओढू लागला. तिने दात लावले. रक्त आले नाही, पण कातडी खरचटली. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या नळाखाली हात धुतला, लगेच डॉक्टरांकडे नेले, आणि ठकीला लस टोचलेली असूनही डॉक्टरांनी भाच्याची रेबीजची इंजेक्शने सुरू केली. यात हयगय करू नये. खरचटणेसुद्धा लहान समजू नये.

त्या रात्री आमच्या घरात बैठक बसली. सौ. म्हणाली, "दोन महिने झाले. अजून ती आपल्यासमोर घास खात नाही. उद्या शेजारच्यांच्या बाळाला चावली तर? परत देऊ या." तिचे म्हणणे वावगे नव्हते. कन्या रडत होती, चिरंजीव भिंतीकडे पाहत होता. मीही मनातून परत देण्याकडेच झुकलो होतो. आईकडून तर विरोधाची अपेक्षाच नव्हती. ती वाती वळत बसली होती.

"नळ गळतोय का बघ रे," ती एकदम म्हणाली.

मी पाहून आलो. गळत नव्हता.

आमची आई नारायण पेठेतली, नदीकाठची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या दिवसाच्या गोष्टी पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात आहेत आणि आम्ही त्या पुष्कळदा ऐकल्या आहेत. वडिलांनी हाताला धरून कसे नेले, परत आलो तेव्हा घरात कमरेइतका गाळ कसा होता, वगैरे. आजही आमच्या घरची महत्त्वाची कागदपत्रे कपाटात नसून माळ्यावरच्या ट्रंकेत असतात, आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. पण त्या रात्री तिने जे सांगितले ते आम्ही पूर्वी ऐकले नव्हते.

"पुरानंतर चार वर्षं मला रात्री झोप नव्हती," आई म्हणाली. "कुठं पाणी ठिबकलं की वाटायचं, आलं. मोठी माणसं म्हणायची, अगं घाबरतेस काय, धरण फुटून गेलं, आता काय उरलंय फुटायला? त्यानं काही व्हायचं नाही. मावशी होती, ती एक अक्षर बोलायची नाही. मी उठले की माझ्याबरोबर उठायची. मोरीपर्यंत यायची. नळ दाखवायची बंद आहे म्हणून. मग झोपायचो. रोज. कधी रात्रीतून तीनदा." तिने वात तबकात ठेवली. "दोन महिने म्हणजे काय फार झाले नाहीत."

सौ. काही बोलली नाही. सकाळी ठकीचे ताट नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ठेवलेले होते, आणि दिवाणाभोवती मुलांना ओलांडता येऊ नये म्हणून खडूची रेघ ओढलेली होती. ती सौ.नेच ओढली होती.

पुढे पावलोव्हविषयी वाचताना मी थबकलो ते यामुळे. घंटा वाजताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते तो, शाळेच्या पुस्तकातला पावलोव्ह. २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडमध्ये नेव्हा नदीला महापूर आला आणि त्याच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. माणसांनी त्यांना शेवटच्या घटकेला पोहत बाहेर काढले. नंतर असे दिसले की काही कुत्री वर्षानुवर्षे शिकलेले सारे विसरली आहेत. त्यांतल्या एकाचे शिकलेले परत आले ते कशाने? प्रयोग करणारा माणूस पूर्वी खोलीबाहेर असे, तो आता आत कुत्र्याजवळ बसू लागला, याने. आणि पुष्कळ दिवसांनी, कुत्रे बरे झाले असे वाटल्यावर, दाराखालून पाण्याची एक धार आत सोडली तर ते पुन्हा पूर्वपदावर गेले. नारायण पेठेतली मावशी पावलोव्ह वाचणाऱ्यांतली नव्हती.

त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या एका तीन वर्षांच्या मुलाची भीती घालवली. मुलगा आवडीचे खात असताना ससा लांब ठेवायचा आणि दिवसेंदिवस थोडाथोडा जवळ आणायचा, एवढीच युक्ती. आम्ही ती केरसुणीवर चालवली, कारण घरात केर तर काढायलाच हवा आणि केरसुणी हातात घेतली की ठकी न्हाणीघरात भिंतीला तोंड लावून उभी राहत असे. गॅलरीच्या एका टोकाला केरसुणी आडवी निजवली आणि दुसऱ्या टोकाला तिचे ताट. दोन दिवसांनी केरसुणी एक वीत अलीकडे. ठकीने जेवण सोडले की दोन विती मागे. घाई करायची नाही, आणि ती दिसेनाशीही करायची नाही. असे करता करता अडीच महिने गेले. मग आडवी केरसुणी उभी केली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून, कारण उभी केरसुणी ही कुत्र्याच्या लेखी वेगळीच वस्तू आहे. मग हातात धरलेली. मग हलणारी. आज ठकी घरातल्या केरसुणीशेजारी बसते. पण पहाटे रस्त्यावर खराट्याचा आवाज आला की अजून दिवाणाखाली जाते. खराट्याचे काम हाती घेतलेले नाही.

बकलासाठी उकडलेले अंडे लागले. बकल वाजले की अंड्याचा तुकडा, आधी दोन खोल्या पलीकडून, मग एक खोली पलीकडून. अंडे घरात शिजणार नाही, असे आईने बजावले होते, म्हणून गॅलरीत विजेची किटली आली. कार्तिकापर्यंत असे झाले की बकलाचा आवाज ऐकून ठकी मान खाली घालण्याऐवजी गॅलरीकडे पाहू लागली. ज्या दिवशी मी प्रथम घरात येऊन पट्टा सोडला त्या दिवशी माझेच हात कापत होते. ती उठली, दोन पावले आली, आणि किटलीपाशी जाऊन बसली.

आता तुम्ही विचाराल की शेवटी तिने माणूस म्हणून जवळ कोणाला केले. अंडे देणाऱ्या मला नाही, आणि तिच्यासाठी खडूची रेघ ओढणाऱ्या सौ.लाही नाही. आईला. आई तिला कधी हाक मारत नसे, कधी खाऊ देत नसे, तिच्याकडे पाहतसुद्धा नसे. सकाळी साडेसहाला पोथी, दहाला भाजी निवडणे, एक ते चार वामकुक्षी, पाचला चहा, सातला दिवा; यात सव्वा मिनिटाचाही फरक नाही. उद्या काय होणार ते कळावे असे एकच माणूस आमच्या घरात होते. भाद्रपदात ठकी पोथीच्या वेळी दिवाणाबाहेर अर्धी येऊन बसू लागली. नवरात्रात ती आईच्या पाटापासून तीन हातांवर होती, आणि एके दुपारी वामकुक्षीच्या वेळी पाहतो तो आई खाटेवर निजलेली, आणि खाली सतरंजीवर ठकी पोट आभाळाकडे करून, चारही पाय हवेत सोडून निजलेली. कुत्रे पोट उघडे टाकून झोपले म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना सांगायला नको. देवघरापासूनचे अंतर त्यानंतर कोणी मोजलेले नाही.

हात लावण्याविषयीही एक गंमत आहे. आपल्या पाषाणला आहे त्याच नावाची विज्ञानसंस्था कोलकात्याजवळही आहे. तिथे अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की अनोळखी माणसाने वरचेवर खायला दिले त्यापेक्षा वरचेवर डोक्यावरून हात फिरवला तर रस्त्यावरचे कुत्रे त्या माणसावर अधिक लवकर विश्वास टाकते. हे वाचून कन्या विजयी मुद्रेने माझ्याकडे आली. मी तिला सांगितले, ती कुत्री आपल्या पायांनी माणसाकडे आली होती. ठकी तिच्याकडे आपण होऊन आली ती मार्गशीर्षात, आणि तेव्हा कन्येने तिची हनुवटी खाजवली, डोके नाही. दोघींनाही ते पुरले.

याच अभ्यासकांचा २०१६ सालचा एक आकडा मात्र मला विसरता येत नाही. रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांपैकी शंभरात एकोणीसच सात महिन्यांची होतात, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त पिल्लांच्या मरणाला कुठे ना कुठे माणूस कारण असतो. रस्त्यावरची कुत्री हा आज भांडणाचा विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले, अकरा दिवसांनी तो हुकूम बदलला, आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यावरून दोन तट पडले. लहान मूल चावले गेलेल्या आईचा राग मला समजतो. मी त्या वादात शिरत नाही. पण बदललेल्या हुकुमातली एक गोष्ट दोन्ही तटांना मान्य होण्यासारखी आहे. कोणाला रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे असेल तर त्याने रीतसर अर्ज करावा, आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याची. श्रावणातल्या त्या बैठकीनंतर मला या कलमाचे वजन चांगले कळते. घ्यायचे तर आपल्या घरात आईच्या पोथीसारखे रोज त्याच वेळी घडणारे काय काय आहे ते आधी मोजावे.

राहता राहिली दिवाळी. गेल्या वर्षी ती आमच्या परीक्षेची होती. फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या पुढे जाता कामा नये, असा १९९९ पासूनचा नियम आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाके वाजवू नयेत असे न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. आमच्या गल्लीत या दोन्ही गोष्टी अजून पोहोचायच्या आहेत. कुत्र्याचा कान आपल्याला ऐकूच न येणारे वरच्या पट्टीतले आवाजही टिपतो. भेदरलेले कुत्रे पळाले की सापडत नाही, म्हणून वसुबारसेपासूनच तिच्या गळपट्ट्याला फोन नंबराचा बिल्ला लावला. फिरायला न्यायचे ते दिवसाउजेडी. संध्याकाळी आतल्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा पाचावर ठेवला. डॉक्टरांनी वजन पाहून गोळी दिली होती. माणसांची झोपेची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर भीती वाढते, असा एक जुना समज आहे. डॉक्टर म्हणाले, तसे काही नाही, ती येत असेल तर येऊ द्या.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली पहिला सुतळी बॉम्ब उडाला (त्याला सुतळीचेच नाव असावे!) आणि ठकी न्हाणीघरात जाऊन बादलीमागे बसली. आम्ही सगळे दाराशी जमलो. आईने आम्हांला हाकलले, स्टूल मागवले, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पोथी घेऊन बसली. पूजा सौ.ने सांगितली. साडेअकरापर्यंत फटाके चालू होते, साडेअकरापर्यंत आई बसून होती. मध्ये एकदा ती उठली, नळ घट्ट केला, आणि पुन्हा बसली.

यंदा आम्ही भाद्रपदापासून फटाक्यांच्या आवाजाची ध्वनिफीत जेवणाच्या वेळी अगदी हळू लावत आहोत, घड्याळाच्या टिकटिकीएवढी, आणि आठवड्याला किंचित वाढवत आहोत. लवंगी ठकीला चालू लागली आहे. सुतळी बॉम्ब चालेल असे कोणाला वाटत नाही, त्यामुळे स्टूल न्हाणीघराशी आत्ताच ठेवून दिले आहे.

प्रश्न उरला तो लक्ष्मीचा. पूजेला नवी केरसुणी लागते, आणि ठकीची ओळख फक्त जुनीशी आहे. नवीचा वास वेगळा, रंग वेगळा. आईने त्यावर विचार केलेला आहे. यंदा ती धनत्रयोदशीच्या आधीच मंडईत जाऊन केरसुणी आणणार, दोन दिवस ती गॅलरीत आडवी ठेवणार, ठकीने हुंगून झाले की मग हळदकुंकू. मी भीतभीत विचारले, "आई, हे सोवळ्यात बसतं का?"

"हुंगणं सकाळी आहे," आई म्हणाली. "पूजा संध्याकाळी."